हाडाजवळचा वास

त्यांनी दाभण हाडाच्या कडेने आत सरकवलं, क्षणभर तसंच ठेवलं, बाहेर काढलं आणि नाकाखाली धरलं. डोळे मिटलेले. मग मान हलवली, दाभण पुसलं आणि बोटाने ते छिद्र दाबून बुजवलं. एका तंगडीला तीन ठिकाणी: खुब्याच्या सांध्यापाशी, मधे हाडाला लागून आणि खाली घोट्याजवळ. छताला कापडी पिशव्यांत टांगलेल्या डुकराच्या शेकडो तंगड्या, आणि त्यांच्यामधून सत्तरी ओलांडलेला हा माणूस एकेक नाकाने तपासत निघालेला. एवढं काम डोळ्यांना करता येत नाही. बाहेरून सगळी हॅम सारखीच दिसतात, तपकिरी, सुरकुतलेली, बुरशी चढलेली.

व्हर्जिनियात जेम्स नदीच्या दक्षिणेला, भुईमुगाच्या शेतांमधल्या या छोट्या स्मोकहाऊसमध्ये मी वर्षभरात चौथ्यांदा आले होते. जेम्सटाऊनहून फेरीबोटीत गाडी चढवायची, नदी ओलांडायची (या फेरीला पैसे पडत नाहीत), आणि पुढे अर्धा तास. पहिल्यांदा आले ती एका लेबलामुळे.

आदल्या वर्षी नाताळाच्या आधी आमच्या सुपरमार्केटात हॅमचा ढीग लागला होता. चकचकीत, गुलाबी, कापून ठेवलेलं, सोबत साखरेच्या पाकाची पुडी. एकाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यात पाणी घातलेलं आहे. दुसऱ्यावर तर ‘हॅम आणि पाणी’ हेच पदार्थाचं नाव, खाली टक्केवारी. मी वसईची. नाताळात डुकराचं मटण आमच्या घरी लहानपणापासून शिजतं, पण मटणात पाणी भरून ते वजनावर विकतात आणि तसं छापतातही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. सुयांनी मिठाचं पाणी मांसात सोडतात, काही तासांत किंवा दिवसांत काम होतं, आणि त्या पाण्याचेही पैसे गिऱ्हाईक मोजतं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या आजींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर गोणपाटासारख्या पिशवीतलं एक हॅम होतं. पिशवी सोडली तर वर पांढरी-हिरवी बुरशी. मी दचकले. आजी म्हणाल्या, “सगळे असेच दचकतात. माझ्या सुनेने पहिल्या वर्षी फेकूनच दिलं होतं.” कडक ब्रशने, कोमट पाण्याखाली त्यांनी ती घासून काढली, आणि खालून महोगनी लाकडासारखा रंग वर आला. वास आला तो मात्र थेट वसईचा. पाचूबंदरला बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेजारून जावं, आणि त्याच वेळी जवळच्या कुणाच्या तरी घरात चूल विझत असावी, तसा काहीसा. हे कुठे करतात, मी विचारलं. आजींनी पत्ता दिला.

जानेवारीत गेले तेव्हा मीठ लावणं चालू होतं. दाभण हुंगणाऱ्या त्या माणसाला मनातल्या मनात मी काका म्हणू लागले ते तेव्हापासून. थंडगार खोली, लांब टेबल, त्यावर कच्च्या तंगड्या, आणि पातळ निळे हातमोजे घातलेले काका. मीठ, थोडी साखर आणि सोरा. आधी सगळीकडून चोळायचं, मग घोट्याच्या कापलेल्या टोकाशी अंगठ्याने मीठ आत कोंबायचं. त्यावर ते बराच वेळ घालवत होते. जनावर मारल्यावर मांस बाहेरून थंड होतं, हाडाजवळची ऊब सगळ्यात शेवटी जाते, आणि मीठही तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. एका बाजूला जाड कातडी असल्यामुळे त्या बाजूने तर ते जवळजवळ शिरतच नाही. म्हणजे जिथे नासायची भीती जास्त, तिथेच मिठाला उशीर. थंडीच्या दिवसांतच हे काम का, तेही यातच आलं. मीठ हाडापर्यंत चालत जाईतो बाहेरच्या गारठ्याने मांसाची राखण करायची.

“किती दिवस?” मी विचारलं.

“इंचाला सात दिवस, मॅडम. ही साडेपाच इंच जाड आहे. हिशोब तुम्हीच करा.”

मग त्यांनी तो आकडा सांगितला. १८ टक्के. कच्च्या तंगडीचं जे वजन, त्यातलं निदान १८ टक्के उडून गेलं पाहिजे, तरच सरकारी नियमाप्रमाणे तिला कंट्री हॅम म्हणता येतं. “आमच्याकडे त्याहून जास्तच जातं,” ते म्हणाले. “पण १८ तर गेलंच पाहिजे. पाणी गेलं पाहिजे.” शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मला सुपरमार्केटातलं ते लेबल आठवलं. नाताळाच्या टेबलावर एकाच नावाने येणारे हे दोन पदार्थ. एकात पाणी भरतात आणि दुसऱ्यातून वर्षभर खपून काढतात.

मिठातून काढल्यावर धुवायचं, मीठ आतपर्यंत सारखं पसरेपर्यंत गार खोलीत ठेवायचं, हिकरी आणि ओकच्या लाकडांचा गार धूर द्यायचा, वर काळी मिरी थापायची म्हणजे माश्या-किडे बसत नाहीत, मग पिशवीत घालून घोटा खाली करून टांगायचं. आणि वाट पाहायची.

हे वाट पाहणं कसं असतं ते बघायला मी जुलैच्या शेवटी पुन्हा गेले. बाहेर अंगाला चिकटणारा उकाडा. आत टांगलेली हॅम घामाघूम झाल्यासारखी चमकत होती, चरबी बाहेर येऊन कातडीवर पसरलेली. व्हर्जिनियातली जुनी माणसं म्हणतात, जुलैचा घाम आल्याशिवाय हॅमला चव येत नाही. उष्म्यात मांसातली प्रथिनं तुटत जातात, त्यातूनच ती खोल चव येते. पुढे कापल्यावर फोडींत पांढरे बारीक ठिपके दिसतात तेही त्याचेच: टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे स्फटिक. नवखी माणसं त्यांनाही बुरशी समजतात. कोकणात आगोटीला माणसं पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी सुकी मासळी भरून ठेवतात. इथे या वर्षीच्या नाताळाची बेगमी मागच्या नाताळाच्या पाठोपाठच सुरू होते.

इथून जवळच स्मिथफील्ड गाव आहे. १९२६ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदाच केला की स्मिथफील्ड हॅम हे नाव लावायचं तर ते त्या गावाच्या हद्दीतच मुरवलेलं असलं पाहिजे, आणि डुकरंही या भागातल्या भुईमुगावर पोसलेली. भुईमुगाची अट पुढे गेली; आता निदान सहा महिने मुरवायची अट आहे. गावच्या संग्रहालयात १९०२ मध्ये मुरवलेलं एक हॅम आहे, गळ्यात पितळी पट्टा घातलेलं. त्याच्या व्यापारी मालकाने ते गावोगाव प्रदर्शनांत मिरवलं होतं. मी ते पाहिलं. पट्ट्यावर नाव मालकाचं आहे. त्या काळी आणि त्याच्या आधी शेकडो वर्षं या मळ्यांवर डुकरं मारणं, मीठ चोळणं, धुराजवळ रात्र काढणं यातलं बहुतेक काम काळ्या माणसांनी केलं, गुलाम असताना आणि नंतरही. काका स्वतः काळे. त्यांचे वडील आणि आजोबा याच कामात होते. त्यांनी या विषयावर काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. पण अंगठ्याने घोट्यात मीठ कोंबण्याची ती पद्धत कुणी कुणाला शिकवली असेल, हा विचार त्या काचेच्या पेटीसमोर माझ्या मनातून हलेना. ती नावं कुठल्याच पट्ट्यावर नाहीत.

डिसेंबरात, दाभणाच्या त्या दिवशी, ओळीतल्या एका हॅमजवळ काका थांबले. दाभण पुन्हा घातलं. पुन्हा हुंगलं. मग माझ्यापुढे धरलं. “सांगा.”

आधीच्या एका चांगल्या हॅमचा वास त्यांनी मला देऊन ठेवला होता. लोणी कढवताना भांड्याच्या तळाशी बेरी लागते तो, भाजलेल्या दाण्यांचा, आणि मागे धुराचा. या दाभणाला ते सगळं होतं, पण त्याखाली एक आंबूस, कोंदट काहीतरी. फार नाही. मी एकटी असते तर कदाचित खपवून घेतलं असतं. काकांनी पिशवीला लाल दोरी बांधली आणि ते हॅम खाली काढून बाजूला ठेवलं. अकरा महिने. एकदा हात फिरवला त्यावरून, आजारी गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि पुढे गेले. परत येताना फेरीबोटीवर मी हात धुतले होते, तरी तो वास नाकातून गेला नाही. अजूनही स्वयंपाक करताना मधेच तो आठवतो. खपवून घेतलं असतं, हेच टोचत राहतं.

मी घेतलेलं हॅम सतरा पाउंडांचं होतं. आजींनी निवडायला शिकवलं तसं: घोटा बारीक, मांडी भरलेली, दाबली तर घट्ट. ओव्हनमध्ये मावेना म्हणून घोटा करवतीने कापून वेगळा ठेवला. दीड दिवस पाण्यात, पाणी चार वेळा बदललं. पहिलं पाणी समुद्रासारखं खारट होतं, चौथं डोळ्यातल्या पाण्याइतकं. मग मोठ्या पातेल्यात, पाउंडामागे वीस ते पंचवीस मिनिटं, उकळी फुटू न देता. आजी दर दहा मिनिटांनी डोकावून जात होत्या. “नुसतं थरथरलं पाहिजे पाणी. खदखदलं की धागे सुटले.” गरम असतानाच कातडी सोलली, चरबी ठेवली, चरबीवर चौकडी कापून प्रत्येक चौकोनात लवंग टोचली, वर ब्राउन शुगर. ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं.

कापायचं मात्र कागदासारखं पातळ. जाड फोड तोंडात घातली तर नुसतं मीठ लागतं. पातळ फोड जिभेवर ठेवून थांबलं तर ते मीठ मागे सरतं आणि उन्हाळा पुढे येतो. नाताळच्या जेवणाला बारा माणसं होती, रताळ्याच्या बिस्किटांत घालून सगळ्यांनी खाल्लं, आणि निम्म्याहून जास्त उरलं.

उरलं ते पुढचे आठ दिवस. ही माझ्या ओळखीची वाट होती, कारण डुकराच्या मटणाचं सोरपोतेल आमच्याकडे नाताळच्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशीच खरं लागतं. अंड्यांबरोबर फोडी, भातात तुकडे, आणि चिवट कडा बारीक चिरून कोबीच्या भाजीत, मीठ न घालता. एक जानेवारीला आजींनी घोटा आणि मधलं हाड मागून घेतलं. रात्रभर भिजवलेली चवळी, कांदा, हाड, बाजूला भात आणि कॉलर्डचा पाला. नवीन वर्षाला अमेरिकेच्या दक्षिणेत हे खाल्लंच पाहिजे. चवळी आफ्रिकेची. तिथून गुलामांबरोबर ती इथे आली, आणि त्याआधी हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे. मी आजींना म्हटलं, आमच्या घरी हीच चवळी खोबरं घालून करतात. त्यांनी पातेल्यातून हाड चमच्याने बाहेर काढलं. पांढरं, स्वच्छ, मांसाचा एक धागा नाही. “आता झालं,” त्या म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात काकांकडे गेले. टेबलावर कच्च्या तंगड्या मांडलेल्या. मी एक माझ्या नावाने ठेवायला सांगितली. त्यांनी हातमोज्यांची जोडी माझ्याकडे सरकवली, मिठाची परात पुढे केली आणि घोट्याकडे बोट दाखवलं. “अंगठ्याने. अजून. अजून आत.” मीठ गार होतं, हाडाला लागून करकरत होतं. मग त्यांनी तंगडी काट्यावर ठेवली आणि चिठ्ठीवर पेन्सिलने वजन लिहिलं. २२ पाउंड. खाली तारीख, शेजारी माझं आडनाव, मी एकेक अक्षर सांगितलं तसं.

“यातले चार तरी गेले पाहिजेत,” काका म्हणाले, आणि पुढची तंगडी ओढली.