खरं बोललं तर केस होते का?

मैत्रिणींनो, ग्रामसंघाच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, रेशन दुकानदार धान्य कमी देतो असं ग्रुपवर टाकलं तर आमच्यावर केस होईल का?" एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

संविधानाच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला बोलण्याचा, मत मांडण्याचा हक्क दिलाय. त्याच कलमात मर्यादाही आहेत: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याची चिथावणी अशी ठरावीक कारणं. 'सरपंचांना राग येईल' हे कारण त्या यादीत नाही बरं का. (घरात आपल्याला गप्प कोण करतं, तो वेगळाच विषय!)

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. त्यांना लावलेलं एक कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ. श्रेया सिंघल ही तरुणी त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी कोर्टाने ते कलमच रद्द केलं. एखादं मत कुणाला आवडलं नाही, त्रासदायक वाटलं, एवढ्यावर गुन्हा होत नाही. चर्चा वेगळी, चिथावणी वेगळी.

चिथावणीने काय होतं ते धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला दिसलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवर फिरत होत्या. १ जुलै २०१८ ला जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. असा मेसेज आला की आधी पोलीस पाटलांना विचारा, पुढे ढकलू नका.

आता रेशनचं. "दुकानदार चोर आहे" असं ग्रुपवर लिहिलं तर तो बदनामीची केस करू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. पण लोकांच्या भल्यासाठी सांगितलेली खरी गोष्ट आणि योग्य अधिकाऱ्याकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार बदनामी धरली जात नाही. म्हणून शिवी नको, हिशोब लिहा: माणशी पाच किलोने चौघांचे वीस किलो यायला हवे होते, सतराच मिळाले, अमुक तारखेला. सोबत मशीनची पावती जोडा. अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या आणि पोच घ्या. पाच-सहा जणींच्या सह्या असल्या तर एकटीवर दबाव येत नाही.

ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथेही हा विषय मांडता येतो. मांडलात की ग्रामसेवकांना तो प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा आणि वाचून दाखवल्यावरच सही करा.