पित्याच्या जनुकांविना मासा : जॉर्ज स्ट्रायसिंगर यांचे संशोधन

जॉर्ज स्ट्रायसिंगर यांचा जन्म २७ डिसेंबर १९२७ रोजी बुडापेस्ट येथे झाला. नाझींचे संकट वाढू लागल्यावर हे ज्यू कुटुंब न्यूयॉर्कला गेले. शाळकरी वयातच जॉर्ज थिओडोसियस डॉबझान्स्की यांच्यासारख्या आनुवंशिकीतज्ज्ञाकडे पोचले. १९४४ साली फळमाश्यांवरील एका शोधनिबंधावर दोघांची नावे आहेत. पुढे कॉर्नेल विद्यापीठाची पदवी, इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेट आणि कॅलटेकमध्ये मॅक्स डेलब्र्युक यांच्याकडे काम झाले. १९६० पासून अखेरपर्यंत ते ऑरेगन विद्यापीठात, युजीन या गावी राहिले.

त्यांची पहिली कारकीर्द जीवाणूंना खाणाऱ्या टी-फोर या विषाणूवर उभी आहे. या विषाणूचा जनुकीय नकाशा वर्तुळाकार असल्याचे त्यांनी व सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवले. दोन वर्षांनी आलेली कल्पना त्याहून खोल होती. डीएनएमध्ये एकच अक्षर ओळीने अनेकदा आले, की नक्कल होताना साखळी घसरते, एखादे अक्षर गळते किंवा जास्तीचे पडते आणि तीन-तीन अक्षरांचे वाचन तेथून पुढे चुकत जाते. डीएनएतील पुनरावृत्तींमध्ये होणारे बदल समजून घेताना हे स्पष्टीकरण आजही उपयोगी पडते.

मेंदू आणि चेतासंस्था घडते कशी, हा प्रश्न मात्र विषाणू सोडवू शकत नव्हता. त्यासाठी पाठीचा कणा असलेला प्राणी हवा होता. उष्ण प्रदेशातील शोभेचे मासे पाळण्याचा स्ट्रायसिंगर यांना छंद होता. त्यांतूनच १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी झेब्राफिश निवडला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील १८२२च्या ग्रंथात वर्णन केलेला हा बोटाएवढा पट्टेरी मासा. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते, फलन पाण्यात होते आणि पारदर्शक भ्रूणाची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येते.

अडचण एकच होती. विषाणूत जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे बिघाड लगेच दिसतो. माशात आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती असतात. चांगली प्रत बिघडलेलीला झाकते. झाकलेला दोष उघडा पाडायला पिढ्यान्‌पिढ्या संकर करावे लागतात. स्ट्रायसिंगर यांनी बापाचा वाटाच काढून टाकला. अतिनील किरणांनी शुक्राणूंचा डीएनए निकामी केला, तरी ते अंड्याला जागे करू शकतात. अशा अंड्यातून केवळ आईच्या प्रतीवर वाढणारा भ्रूण तयार होतो. तो काही दिवसच जगतो, पण तेवढ्या अवधीत दोष दिसून जातो.

जगणारा मासा मिळवण्यासाठी पुढची युक्ती होती. पहिल्या पेशीविभाजनाच्या ऐन वेळी अंड्यांना ४१.४ अंश सेल्सिअसचा दोन मिनिटांचा धक्का दिला, की गुणसूत्रे दुप्पट होतात पण पेशी दुभंगत नाही. मग दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असलेला मासा वाढतो. अशा मादीवर पुन्हा हीच कृती केली, की तिची सारी पिले जनुकीयदृष्ट्या एकसारखी निपजतात. बापाचा अंश खरोखर उतरला नाही ना, याची खात्री फिकट पट्ट्यांच्या ‘गोल्डन’ या वाणाने दिली : गोल्डन मादीची पिले गोल्डनच निघाली पाहिजेत.

हे काम १९८१ साली ‘नेचर’मध्ये आले. त्याआधीची दहाहून अधिक वर्षे माशांवर फारच थोडे छापून झाले होते, हे मुद्दाम सांगायला हवे. तो काळ टाक्या, तापमाने आणि मिनिटांचे हिशेब जुळवण्यात गेला, आणि पुढचे सारे त्याच काळावर उभे राहिले. ११ ऑगस्ट १९८४ रोजी ऑरेगनच्या किनाऱ्यावर पाण्याखाली पोहताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

युजीनमधील चार्ल्स किमेल आदी सहकाऱ्यांनी काम सोडले नाही. १९९६ साली ट्युबिंगेन आणि बॉस्टन येथील गटांनी हजारो उत्परिवर्ती माशांची वर्णने एकदम प्रसिद्ध केली. आज मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथेही झेब्राफिशवर संशोधन चालते.

गोल्डन वाणाचे जनुक २००५ साली सापडले. त्याला एसएलसी-२४-ए-५ म्हणतात. माणसातही ते आहे आणि त्यातील एका अक्षराचा फरक त्वचेचा रंग उजळ करतो. युरोपीय लोकांत हा फरक जवळजवळ सर्वांत आढळतो. भारतात त्याचे प्रमाण प्रदेशागणिक आणि समाजागणिक बदलते.