शिवथरची घळ आणि संगणकाचा पडदा

महाड तालुक्यातील शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी कल्याणस्वामींना दासबोध सांगितला, असे परंपरा मानते. पावसाळ्यात त्या घळीशेजारी धबधबा गर्जत असतो. तेव्हा एकाग्रतेस नीरव शांतताच लागते असे नव्हे; मधेच हाक मारणारे कोणी नसावे, एवढे पुरते. संगणकापुढे नेमके हेच दुर्मिळ झाले आहे.

माहिती मुबलक झाली की अवधानाचा तुटवडा पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच सांगितले होते. तुटवड्याची वस्तू राखावयाची तर निग्रहापेक्षा व्यवस्था अधिक उपयोगी पडते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. पडद्यावर उमटणाऱ्या सूचना बंद कराव्यात. मन खेचणारी संकेतस्थळे ठरावीक वेळ अडवून धरणारे ‘लीचब्लॉक’सारखे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलो यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थिदशेत बसविलेली ‘पोमोदोरो’ रीत, म्हणजे २५ मिनिटे काम व ५ मिनिटे विश्रांती, आज जगभर रूढ आहे. तिला साधे गजराचे घड्याळही पुरते.

परंतु विद्यार्थी फोन दूर ठेवू शकतो; कारकून वा शिक्षक वरिष्ठांचा व्हॉट्सॲप संदेश टाळू शकत नाही. ‘तातडीने माहिती पाठवा’ या एका ओळीने हातातले काम मोडते, आणि त्याची किंमत कोणत्याच हिशेबवहीत चढत नाही. म्हणून कार्यालयांनी व शाळांनीच दिवसातील निदान एक तास संदेशमुक्त ठरवावा. हाताखालच्या माणसाचे अवधान फुकटचे नसते, हे वरिष्ठांनी मान्य केल्याखेरीज बाकीच्या युक्त्या अपुऱ्याच राहतील.