श्वासयंत्र आणि विजेचा राखीव साठा

संघाच्या स्मरणिकेत कर, तोलमाप, मंडीचे नियम आणि पिकांची आवक या विषयांवर लेख यावेत, हे योग्यच होय. यंदा मात्र आम्ही वाचकांचे लक्ष दुकानातील काट्याकडून घरातील उशाकडे वळवू इच्छितो. गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी कुटुंबांतून निजण्याच्या खाटेजवळ एक लहानसे यंत्र दिसू लागले आहे. त्यातून एक नळी निघते व तिच्या टोकास नाकावर बसणारा मास्क असतो. डॉक्टर त्यास सीपॅप म्हणतात. दिवसभर गादीवर बैठक, वाढते वजन आणि उतरते वय यांचा मेळ आपल्या धंद्यात सहज बसतो. म्हणून हे यंत्र आपल्या घरांत आले, यात नवल नाही. आम्ही स्वतः ते वापरतो. तथापि हे यंत्र विजेवर चालते, आणि वीज तर वैशाखाच्या वावटळीत, केळीच्या बागा आडव्या होतात त्याच रात्री, हमखास जाते. तेव्हा त्या रात्रीची तजवीज काय, या प्रश्नाचा हिशेब पुष्कळांनी केलेला नसतो. तो येथे मांडावयाचा आहे.

प्रथम विकाराविषयी थोडे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. कित्येकांच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच बंद होते. दहा सेकंद अगर त्याहून अधिक वेळ श्वास अडतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठ्या घोरण्यासह श्वास पुन्हा सुरू होतो. यास स्लीप ॲप्निया म्हणतात. तासातून पाच ते पंधरा वेळा असे होत असल्यास विकार सौम्य, तिसापर्यंत मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र समजतात. निजणाऱ्यास याची वार्ताही नसते. ती असते शेजारी निजणाऱ्यास. परिणाम मात्र दिवसा भोगावे लागतात. रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो, भर दुपारी गादीवर डुलकी येते. त्याहून वाईट म्हणजे खंडव्याहून वा भुसावळहून परतताना गाडीच्या चाकामागे डोळा लागतो. १९८० साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी यावर उपाय शोधला. नाकावाटे सतत मंद दाबाने हवा सोडली असता ती हवाच घशाची वाट उघडी धरते, हे त्यांनी दाखवून दिले. आजचे यंत्र तत्त्वतः तेच आहे, एक पंखा आणि त्याचा दाब राखणारी योजना.

आता वीज गेल्यावर काय होते? पंखा थांबतो आणि मास्कमध्ये ताजी हवा येईनाशी होते. नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला बाहेरील हवा आत घेणारी झडप असते, आणि बहुतेक माणसे कोंदटल्यासारखे होऊन जागीही होतात. तरीही नियम एकच ध्यानी ठेवावा. यंत्र बंद पडले की मास्क काढून ठेवावा. घरातील इतर मंडळींसही हे सांगून ठेवावे. एक रात्र यंत्राविना गेली म्हणून प्राणावर बेतते असे सामान्यतः होत नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु विकार त्याच रात्री परत येतो, हेही तितकेच खरे. आमच्या घरातून आम्हांस दुसऱ्या दिवशी घोरण्याचा पूर्ण अहवाल मिळतो, आणि दुकानात त्या दिवशी बिलावरील एकच आकडा तीनदा वाचावा लागतो. अशा रात्री कुशीवर निजावे, उसे उंच करावे आणि झोपेची गोळी मुळीच घेऊ नये. गोळीने घसा अधिकच सैल पडतो. दुसऱ्या दिवशी लांबची गाडी स्वतः हाकू नये.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. करोनाच्या काळात, २०२० व २०२१ साली, अनेक घरांत प्राणवायू तयार करणारी यंत्रे आली. ती निराळी. त्यांस सुमारे तीनशे वॅट वीज लागते आणि त्यांवर अवलंबून असणाऱ्या रुग्णाची गोष्टही निराळी. ज्यांस असा प्राणवायू अगर व्हेंटिलेटर लागतो, किंवा ज्यांचे हृदय वा फुप्फुस अगोदरच दुर्बल आहे, त्यांनी वीज जाण्याच्या प्रसंगाची योजना आपल्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावी. पुढील हिशेब साध्या सीपॅपचा आहे.

आपण धान्याचे व्यापारी. वखारीत माल किती आणि रोजची उचल किती, हे कळले की साठा किती दिवस पुरेल हे आपण तोंडी सांगतो. विजेचेही तसेच आहे. उचल मोजावयाची ती वॅटमध्ये आणि साठा मोजावयाचा तो वॅट-तासांत. साध्या सीपॅपच्या पंख्यास दाबानुसार सुमारे दहा ते तीस वॅट लागतात. आपण जास्तीचा आकडा धरू. आठ तासांची झोप म्हणजे तीस गुणिले आठ, दोनशे चाळीस वॅट-तास. घरातील एका जुन्या छताच्या पंख्यास पंचाहत्तर वॅट लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे यंत्राची भूक किती अल्प आहे हे कळून येईल. मात्र यंत्रास जोडून हवा ओलसर व कोमट करणारे भांडे असते, ज्यास ह्युमिडिफायर म्हणतात. ते पाणी तापवते, आणि ताप म्हटला की वीज आली. ते व तापणारी नळी चालू ठेवल्यास उचल दुपटीवर जाते. म्हणून बॅटरीवर चालविताना हा ताप बंद करावा. घसा थोडा कोरडा पडेल, पण रात्र निघेल. ज्यांस कोरडेपणाचा विशेष त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. हवेचा दाब मात्र वीज वाचविण्यासाठी कोणीही आपल्या मनाने कमी करू नये.

उचल झाली, आता साठा. आपल्याकडे घरोघर असते ती इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी, बारा व्होल्ट व दीडशे एएच. बारा गुणिले दीडशे म्हणजे कागदावर अठराशे वॅट-तास. पण पोत्यावर लिहिलेले वजन आणि काट्यावर उतरलेले वजन यांतील फरक आपणांस कोणी शिकवावयास नको. शिशाची बॅटरी तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर निकामी होते. निम्माच माल आपला समजावा. राहिले नऊशे. इन्व्हर्टर बॅटरीची वीज घरच्या विजेत पालटताना पंधरा टक्क्यांच्या आसपास घट खातो आणि नुसता चालू राहण्यासाठी स्वतःही वीस वॅटच्या घरात वीज पितो. इतके वजा जाताही, एकटे श्वासयंत्र लावले तर नऊशे वॅट-तासांत दोन रात्री सुखाने निघतात.

पण एकटे लावतो कोण? रात्री दहा वाजता वीज गेली की त्याच इन्व्हर्टरवर दोन खोल्यांतील दोन पंखे फिरू लागतात. दीडशे वॅट पंख्यांचे, तीस यंत्राचे, त्यावर घट आणि इन्व्हर्टरचा आपला वाटा. एकूण उचल सव्वादोनशेवर जाते आणि साठा चार तासांत सरतो. म्हणजे रात्री दोन वाजता, गाढ झोपेत, यंत्र थांबते. बॅटरी पिळून आणखी काही वेळ निघेल, पण तो तिच्या आयुष्यातून वजा होतो. आमच्या मते सर्व विषयाचे मर्म येथेच आहे. यंत्रास वीज पुरत नाही ती यंत्र मोठे खाणारे आहे म्हणून नव्हे, तर त्याची वाटणी घरभर होते म्हणून. दोन जुने पंखे काढून तीस वॅटवर चालणारे नव्या पद्धतीचे पंखे बसविले, तर तोच साठा चाराऐवजी सात तास पुरतो. पुष्कळांस नवी बॅटरी घेण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, आणि विक्रेता हे आपण होऊन सांगेलच असे नाही.

ज्यांस शक्य आहे त्यांनी याहून पुढे जावे व यंत्रासाठी निराळा साठा ठेवावा, जसे बियाण्याचे धान्य खाण्याच्या कणगीत कोणी मिसळीत नाही. लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी याकामी उत्तम. ती वजनास हलकी असते आणि तिच्यातील ऐंशी टक्के माल निर्धास्तपणे उचलता येतो. बारा व्होल्ट, पन्नास एएच अशा बॅटरीत सुमारे सहाशे चाळीस वॅट-तास असतात. यंत्राच्याच कंपनीने दिलेल्या योग्य जोडणीने यंत्र सरळ तिच्यावर लावले, तर इन्व्हर्टरची घट व त्याचा स्वतःचा खर्च दोन्ही वाचतात आणि जवळजवळ दोन रात्री निघतात. मात्र कित्येक यंत्रे चोवीस व्होल्टची असतात, काही बारा व्होल्टची. आपल्या यंत्राच्या अडॅप्टरवर हा आकडा छापलेला असतो तो वाचावा. कोपऱ्यावरील कारागिराकडून तारा पिळून जोडणी करून घेऊ नये. उलटी तार लागली तर मोलाचे यंत्र क्षणात जाते.

बाजारात मोबाईलसाठी वीस हजार एमएएचच्या पेट्या मिळतात. आकडा पाहून माणूस भुलतो. दीडशेपुढे वीस हजार! परंतु हे पोत्यांची संख्या सांगून वजन लपविण्यासारखे आहे. त्या पेटीत सुमारे चौऱ्याहत्तर वॅट-तासच असतात, आणि घट वजा जाता तीस वॅटचे यंत्र त्यावर दोन तासांच्या आसपास चालेल. तेही तिच्यातून योग्य व्होल्ट निघत असतील तरच. दुकानातील संगणकाच्या लहान यूपीएसची गोष्टही तीच, शिवाय तो रात्रभर टिटवीसारखा ओरडतो.

इन्व्हर्टर घेताना शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर अडॅप्टर गुणगुणतो व तापतो. कित्येक इन्व्हर्टरांच्या पाठीस यूपीएस अशी खूण असलेला खटका असतो. तो त्या बाजूस ठेवल्यास वीज गेल्यावर बदल इतक्या चटकन होतो की यंत्र थांबत नाही, अन्यथा ते बंद होऊन पुन्हा सुरू करावे लागते. उन्हाळ्यात वीज असते पण दाब उतरतो, त्याची मात्र फारशी चिंता नको. बहुतेक अडॅप्टर शंभरपासून दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत चालतात.

हे झाले एका रात्रीचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आले. विजेचे खांब इतके कोसळले की रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील पुष्कळ गावे कित्येक दिवस, काही तर आठवडे, अंधारात राहिली. अशा वेळी बॅटरी कितीही मोठी असो, ती भरावयाची कशी, हाच प्रश्न उरतो. आपल्याकडे समुद्र नाही, पण तापीचा पूर व वावटळ आहेच. आणि मोठ्या जाळ्याचे अपघात तर कोणासही चुकत नाहीत. ३० जुलै २०१२ रोजी रात्री अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे जाळे कोसळले, त्याचा आरंभ आपल्याच राज्यातील बीना–ग्वाल्हेर वाहिनीपासून झाला होता. आपला पश्चिम विभाग बचावला.

अनेक दिवसांच्या अंधारासाठी दोन उपाय आहेत. गच्चीवर दोनशे वॅटचे सौर पत्रे लावल्यास चांगल्या उन्हाच्या दिवशी एका रात्रीची वीज सहज भरते. पावसाळी ढगांत पुष्कळ कमी. दुसरा उपाय शनवाऱ्यातील अनेक दुकानांत आधीच आहे, तो म्हणजे जनरेटर. तो रात्रभर चालविण्याचे कारण नाही. दिवसा काही तास चालवून बॅटरी भरून घ्यावी व रात्री शांततेत निजावे. मात्र जनरेटर घरात, जिन्याखाली अगर बंद ओसरीत कदापि चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि निजलेल्या माणसास तो जागे होऊ देत नाही. श्वासाच्या यंत्रासाठी श्वासच कोंडणे यासारखा उफराटा व्यवहार दुसरा नाही.

साठा केला म्हणजे झाले असेही नव्हे. बॅटरी बसल्या जागी झिजते. चार-पाच वर्षांनी दीडशेची बॅटरी दीडशेची राहत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, होळीनंतर एकदा व पावसाळ्यापूर्वी एकदा, रात्री मुख्य खटका बंद करून यंत्र बॅटरीवर चालवावे आणि पहाटेपर्यंत चालते की नाही ते पाहावे. शिशाच्या बॅटरीतील पाण्याची पातळीही पाहावी. त्यात शुद्ध केलेले डिस्टिल्ड पाणीच घालावे.

ब्रिटनमध्ये वीज वितरण कंपन्या अशा ग्राहकांची प्राधान्य नोंदवही ठेवतात. ज्याच्या घरी वैद्यकीय यंत्र आहे त्यास नियोजित वीजबंदीची आगाऊ सूचना व अडचणीत मदत मिळते. आपल्या संघाने अशा सभासदांची यादी करून स्थानिक वितरण कार्यालयास द्यावी व सूचनेची विनंती करावी, असे आम्ही सुचवितो. वीज गेल्याची तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते. ती शेजाऱ्याने केली असेल असे समजून कोणी स्वस्थ बसू नये. संघाजवळ एखादी भरलेली लिथियम बॅटरी असली, तर ज्याची बॅटरी ऐनवेळी दगा देईल त्यास ती रात्रीपुरती नेता येईल.

शेवटी यात्रेस जाणाऱ्यांसाठी. रेल्वेच्या डब्यातील खटक्यांवर रात्री भिस्त ठेवू नये. आगीच्या भयाने २०२१ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच ते बंद ठेवण्याचा नियम अमलात आणला गेला. विमानात लिथियमची बॅटरी सामानाच्या कोठारात देता येत नाही, हातातच न्यावी लागते. शंभर वॅट-तासांपर्यंत वेगळी अनुमती लागत नाही, एकशे साठपर्यंत विमान कंपनीची लागते. म्हणून प्रवासासाठी निराळी लहान बॅटरी घ्यावी, आणि ताप बंद ठेवला असता ती आपल्या दाबावर किती तास टिकते हे घरीच पाहून घ्यावे. धर्मशाळेत खोली घेताना खाटेजवळ विजेचा खटका आहे काय हे पाहावे. बहुधा तो दारापाशी असतो, म्हणून चार-पाच मीटर लांबीची चांगली तार पेटीत असू द्यावी.