करवीर मुलखातील पाषाण : लेखांक सहावा — वीरगळ

गेल्या आठवड्यात आपण वारणेच्या तहाचा परामर्श घेतला. १७३१ साली त्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधील हद्द नदीच्या पात्रात आणून ठेवली. परंतु त्याच्या पाच शतके आधी, पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाचा मुलूख देवगिरीच्या सिंघण यादवाने १२१२ च्या सुमारास जिंकून घेतला त्या काळी, सरहद्दीवरच्या गावाला सनदेपेक्षा स्वतःच्या मनगटाचाच भरवसा अधिक असे. आणि त्या भरवशापायी जे कामास आले, त्यांची उभी नोंद म्हणजे वीरगळ.

हा शब्द कानडी 'कल्लु' म्हणजे दगड यावरून आला आहे, आणि कानडी व मराठी यांचा शेजार ज्या भूमीत इतका जुना, तेथे त्याचे नवल वाटू नये. वीरगळ खालून वर वाचावा लागतो, ही गोष्ट ठाऊक नसल्याने पुष्कळ मंडळी तो उलटा वाचून निघून जातात. तळच्या चौकटीत पडलेला वीर असतो. गोधन परत आणताना मरण आले असेल तर त्याच्यामागे गाईंची रांगही दिसते. त्यावर युद्धाचा प्रसंग, त्याहून वर अप्सरा त्याला स्वर्गी नेत आहेत असे दृश्य, आणि सर्वांत वर शिवलिंगाचे पूजन करणारा तोच पुरुष. माथ्यावर चंद्रसूर्य कोरतात, ते दानपत्रांतील 'आचंद्रार्क' या शब्दाचेच चित्र होय. राजाच्या इनामाला जी मुदत, तीच गुरे राखताना मेलेल्या गावकऱ्याच्या कीर्तीलाही द्यावी, ही समदृष्टी मला राजांच्या प्रशस्तींहून मोठी वाटते.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने आपल्या स्वातंत्र्याच्या शताब्दीस, १९३६ साली, जागोजागी ग्रॅनाइटचे स्मृतिपाषाण उभारले. त्यांवर नाव, साल, प्रसंग सारे अक्षरांत आहे. आमच्या बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर नाही. ज्यांच्यासाठी तो उभा केला त्यांना मृताचे नाव सांगावे लागत नव्हते, आणि ते सांगणारी माणसे गेली तेव्हा नावही गेले.

करवीर तालुक्यातील कसबा बीड येथे असे वीरगळ मोठ्या संख्येने आहेत. शिलाहारांची राजधानी येथे होती अशी परंपरा असून, पावसाळ्यात शेतांतून सोन्याची बारीक नाणी सापडतात म्हणून गावाची ख्याती झाली. सोन्याची गोष्ट कोणीही सांगतो. दगडांची विचारली तर मात्र पुढचा माणूस क्षणभर थबकतो. अन्यत्र असेच पाषाण कोठे पायरीला लागले आहेत, कोठे शेंदूर चढून देव झाले आहेत. शेंदराच्या पुटाखाली कोरीव काम बुजते हे खरे, परंतु देव झालेला दगड कोणी फोडीत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून शेंदूर खरवडण्याची घाई करणाऱ्यांना माझा विरोध आहे.

वीरगळाच्या शेजारी कित्येकदा दुसरा एक दगड असतो, कोपरात वळलेला, बांगड्या ल्यालेला एकच हात कोरलेला. ती सतीशिळा; तिचा विचार पुढील लेखांकी.