डावीकडे ओढते? मग उजवं चाक बघा

जूनमध्ये मलिहाबादहून दशहरी आंब्यांनी भरलेल्या पिकअप निघतात आणि हरदोई रस्त्याने लखनौच्या दुबग्गा मंडईकडे धावतात. समजा, अशाच एका गाडीपुढे अचानक ई-रिक्षा आली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. बिघाड कुठल्या चाकात असेल? डाव्या, असं कुणीही म्हणेल. पण बहुतेक वेळा ते चाक आपलं काम चोख करत असतं!

बैलजोडीतला डावा बैल थबकला आणि उजवा चालतच राहिला, तर गाडी कुठे वळेल? डावीकडेच. इथेही तेच होतं. डावं चाक रस्ता घट्ट धरतं, उजवं पुढे जाऊ पाहतं आणि गाडी डावीकडे फिरते. म्हणजे गाडी ओढते ती बाजू सहसा निरोगी, आणि आजार पलीकडे. याला अपवाद पाय काढल्यावरही न सुटणाऱ्या ब्रेकचा. पण तो लपत नाही: पाय ब्रेकवर नसतानाही गाडी ओढते आणि थोड्याच किलोमीटरमध्ये ते चाक दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं.

या चाकांवर केवढं काम पडतं पाहा. तीन टनांची भरलेली पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे चार लाख जूल ऊर्जा असते. सव्वा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी! थांबायचं म्हणजे यातली जवळजवळ सगळी ऊर्जा काही सेकंदांत ब्रेकच्या घर्षणाने उष्णतेत बदलायची. ब्रेक लागताच वजन पुढे झुकतं, त्यामुळे मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो आणि स्टिअरिंगही त्यांनाच जोडलेलं. म्हणून शोध पुढून सुरू करायचा. टायरची हवा दोन्हीकडे सारखी आहे ना आणि चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचं बुश ढिलं झालेलं नाही ना, हे आधी पाहून घ्यायचं, मग ब्रेककडे वळायचं.

दोन्ही बाजूंना सारखा जोर पोहोचवायचा कसा? सुरुवातीच्या मोटारींमध्ये ब्रेक सळ्यांनी आणि तारांनी ओढले जात. एक तार जराशी सैल पडली की गाडी तिरकी! याचं उत्तर मात्र १६६३ मध्येच छापून झालं होतं, तेही लेखक ब्लेझ पास्कल वारल्यावर वर्षभराने. बंदिस्त द्रवावर कुठेही दाब द्या, तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. माल्कम लॉकहीडने हे तत्त्व मोटारीच्या ब्रेकमध्ये आणलं आणि १९२१ मध्ये ड्यूझेनबर्गची मोटार चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक लावून बाजारात आली. द्रव डावं-उजवं करत नाही, केवढी सुंदर सोय!

मग ओढ येते कुठून? पास्कलचा नियम मोडत नाही, मोडतं ते त्याच्या पुढचं काहीतरी. पॅडला ग्रीस लागतं, पॅड आवळणाऱ्या कॅलिपरची सरकती पिन गंजते, त्यातला पिस्टन अडकतो. या पिस्टनची गोष्ट तर ऐकाच. पाय काढल्यावर त्याला मागे कोण आणतं? स्प्रिंग? नेहमीच्या कॅलिपरमध्ये ती नसतेच! पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी कडं असतं. पिस्टन पुढे सरकताना ते त्याच्याबरोबर वाकतं आणि दाब सुटला की सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढं मागे घेतं. पॅड झिजला की पिस्टन कड्यातून तेवढाच पुढे घसरतो आणि नव्या जागेवरून पुन्हा तीच अंशभर माघार. पॅड झिजून संपेपर्यंत हा मेळ आपोआप जुळत राहतो.

सर्वांत चकवणारा गुन्हेगार म्हणजे चाकाकडे जाणारा रबरी होज पाइप. बाहेरून धडधाकट, पण आतून फुगून अरुंद झालेला. समजा, तो उजवीकडचा आहे. पाय दाबला की उजवीकडे दाब उशिरा पोहोचतो, म्हणून गाडी डावीकडे ओढते. पाय काढला की तिथलं ब्रेक ऑइल लवकर परतत नाही, उजवं चाक धरलेलंच राहतं आणि गाडी उजवीकडे ओढते! एकच बिघाड, दोन विरुद्ध दिशा. हे पहिल्यांदा उलगडतं तेव्हा खरोखर टाळी वाजवावीशी वाटते.

आणि तो पकडायची युक्ती किती साधी! लखनौच्या ट्रान्सपोर्ट नगरात असो की पुण्याच्या गॅरेजात, गाडी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवतात. एक जण ब्रेक दाबून सोडतो, दुसरा चाक फिरवून पाहतो. चाक जाम असेल तर कॅलिपरवरचं ब्लीडिंग निपल किंचित सैल करायचं. ऑइल उसळलं आणि चाक मोकळं फिरलं, तर दाब आत कोंडलेला होता, संशय होजवर. निपल उघडूनही चाक हलेना, तर पिस्टन नाहीतर पिन अडकली आहे. होज निघाला तर दोन्ही बाजूंचे बदलायचे, कारण दुसराही त्याच वयाचा असतो. मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची आणि मोकळ्या रस्त्यावर, आधी अगदी हळू वेगात, ब्रेक मारून पाहायचा.