वाय-फाय जोडणी, घरगुती

घरातील संगणक तारेशिवाय, रेडिओ तरंगांच्या साहाय्याने इंटरनेटशी जोडण्याची पद्धती. इमारतीपर्यंत इंटरनेट सामान्यतः प्रकाशीय तंतूंच्या केबलमधून येते. घरातील राउटर नावाचे लहानसे साधन त्या केबलमधील संदेशांचे रेडिओ तरंगांत रूपांतर करून ते आकाशकावाटे प्रसृत करते; संगणकातील ग्राही ते ग्रहण करतो आणि तेथील प्रेषक आपले संदेश उलट दिशेने पाठवितो. म्हणजे या मार्गाचा केवळ शेवटचा, काही मीटरांचा भाग बिनतारी असतो. त्यापलीकडील दळणवळण बहुतांशी तंतू व तारा यांतूनच चालते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे जोडणीतील दोष पुष्कळदा भलत्याच ठिकाणी शोधले जातात.

‘वाय-फाय’ हे ‘वायरलेस फिडेलिटी’ या शब्दांचे संक्षिप्त रूप असल्याचा समज रूढ आहे. वास्तविक ते १९९९ मध्ये व्यापारी नाव म्हणून मुद्दाम घडविण्यात आले. ज्या मानकावर ही पद्धती आधारलेली आहे त्याचा ‘८०२.११’ हा क्रमांक लोकांच्या तोंडी बसण्यासारखा नव्हता, हे त्यामागील कारण होय.

इतिहास : संगणकांना रेडिओद्वारे एकमेकांशी जोडण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये केला. त्यात अनेक स्थानकांनी एकच कंप्रता वाटून घेतली होती. दोन संदेश एकाच वेळी आले, तर दोन्ही नष्ट होत व पुन्हा पाठवावे लागत. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ मध्ये काही कंप्रतापट्टे परवान्याशिवाय वापरण्यास खुले केले आणि त्यामुळे घरगुती बिनतारी साधनांचा मार्ग मोकळा झाला. ८०२.११ मानकाची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा कमाल वेग सेकंदाला २० लाख द्विमान अंक (२ मेगॅबिट) एवढाच होता. १९९९ मध्ये तो ११ व २००३ मध्ये याच कंप्रतापट्ट्यात ५४ मेगॅबिटांपर्यंत वाढला. त्यानंतरच्या आवृत्त्यांत एकाहून अधिक आकाशकांचा एकत्रित उपयोग करून हा वेग शेकडो पटींनी वाढविण्यात आला आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली व मुंबई हे तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. त्या काळी संगणक दूरध्वनीच्या तारेला जोडीत आणि जोडणी चालू असेपर्यंत घरचा दूरध्वनी अडकून राही. खाजगी सेवादात्यांना १९९८ मध्ये परवानगी मिळाली. घरातील वाय-फायच्या दृष्टीने मात्र जानेवारी २००५ ची अधिसूचना निर्णायक ठरली. तिने २,४०० ते २,४८३.५ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त केला. ५ गिगॅहर्ट्‌झच्या परिसरातील विस्तृत पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये अशाच रीतीने खुला झाला.

तरंगांचे वर्तन : २.४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी सुमारे १२.५ सेंमी. व ५ गिगॅहर्ट्‌झच्या तरंगाची सुमारे ६ सेंमी. असते. लाकूड, प्लॅस्टर व पातळ विटकाम यांतून पहिला तरंग बऱ्यापैकी आरपार जातो. दुसरा त्यामानाने लवकर क्षीण होतो. सलोह काँक्रीट दोहोंनाही अडविते. धातूच्या पत्र्यावरून दोन्ही परावर्तित होतात व पाण्यात दोन्ही शोषले जातात. म्हणून लोखंडी कपाटामागे, पोटमाळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकांत किंवा पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवलेला राउटर निकामी वाटू लागतो. सूक्ष्मतरंग भट्टीही २.४५ गिगॅहर्ट्‌झच्याच आसपास चालत असल्याने ती चालू असताना जवळच्या जोडणीत व्यत्यय येऊ शकतो.

दाट वस्तीतील स्थिती : वाय-फायची बहुतेक माहितीपत्रके स्वतंत्र बंगला किंवा प्रशस्त सदनिका गृहीत धरून लिहिलेली असतात. त्यांत मुख्य अडचण सांगितलेली असते ती तरंग दूरच्या खोलीपर्यंत न पोहोचण्याची. मुंबईच्या गिरगाव भागातील फणसवाडीसारख्या वस्तीत अडचण नेमकी उलट असते. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे तेथील जुन्या बागाईताची आठवण देतात. पुढे याच वाड्यांत चाळी उभ्या राहिल्या. जुन्या चाळीत दहा फूट बाय बारा फूट किंवा त्याच्याच जवळपासच्या मापाची एक खोली, क्वचित तिला जोडून दुसरी, विटांच्या भिंती, लाकडी तुळयांवर तोललेला मजला आणि पुढे सर्वांची मिळून एक गॅलरी अशी रचना आढळते. दारे दिवसभर उघडी असतात. अशा इमारतीत एका बिऱ्हाडाचा तरंग शेजारच्या, वरच्या व खालच्या बिऱ्हाडांत सहज पोहोचतो. तेव्हा नवा संगणक प्रथमच चालू करणाऱ्याला पडद्यावर उपलब्ध जाळ्यांची लांबलचक यादी दिसते व तीत आपले नाव शोधावे लागते.

या गर्दीचा परिणाम मोजून पाहता येतो. तळमजला व वरचे तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दहा खोल्या, अशी चाळ घेतली तर एकूण ४० खोल्या होतात. त्यांपैकी निम्म्या खोल्यांत राउटर असेल, तर २० राउटर झाले. २.४ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ क्रमांकांचे चॅनेल आहेत. परंतु दोन लगतच्या चॅनेलांत केवळ ५ मेगॅहर्ट्‌झचे अंतर असून प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगॅहर्ट्‌झ जागा व्यापते. परिणामी एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच उरतात (१, ६ व ११), आणि प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात बिऱ्हाडे येतात. एका चॅनेलवर एका वेळी एकच साधन बोलू शकते. प्रत्येक साधन प्रथम कानोसा घेते, चॅनेल मोकळा असल्यास संदेश पाठविते, नसल्यास थोडा वेळ थांबून पुन्हा पाहते. चाळीच्या सामाईक नळावर एकाचा हंडा भरेपर्यंत इतरांनी थांबावयाचे असते, तसाच हा प्रकार होय. त्यातही जुने, मंद गतीचे एखादे साधन तेवढाच मजकूर पाठविण्यास कितीतरी अधिक वेळ घेते व सर्वांचीच रांग तुंबविते. मोकळा दिसतो म्हणून एखाद्याने ३ क्रमांकाचा चॅनेल निवडला, तर त्याचा तरंग १ व ६ या दोन्हींवर अंशतः चढतो. त्याचे बोलणे शेजाऱ्यांना बोलणे म्हणून समजत नाही, केवळ गोंगाट म्हणून ऐकू येते, आणि दोन्हीकडच्या रांगा बिघडतात.

यावर सर्वांत चांगला उपाय ५ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्याचा आहे. तेथे चॅनेल पुष्कळ आहेत. शिवाय भिंतीत लवकर क्षीण होण्याचा त्या तरंगाचा जो दोष मोठ्या घरात जाचतो, तोच एका खोलीच्या घरात गुण ठरतो. कारण घरातला तरंग बव्हंशी घरातच राहतो आणि शेजाऱ्याचा आत कमी येतो. राउटरच्या मांडणीत प्रेषणशक्ती कमी करण्याची सोय असल्यास चाळीत ती अवश्य वापरावी. अधिक आकाशकांचा, अधिक शक्तीचा राउटर विकत घेण्याकडे कल असतो, पण अशा जागी त्याने उपद्रवच वाढतो. टेबलावर ठेवण्याचा संगणक व राउटर एकाच भिंतीशी असतील, तर दोहोंमध्ये सरळ एक ईथरनेट तार जोडणे हे बिनतारी जोडणीहून सामान्यतः वेगवान व भरवशाचे असते. वाय-फायच्या आकर्षणामुळे या साध्या उपायाचा विसर पडला आहे.

जोडणीची कृती : मांडीवरील संगणकात वाय-फायचा ग्राही-प्रेषक आतच बसविलेला असतो. टेबलावरील संगणकात तो असेलच असे नाही. नसल्यास यूएसबी खाचेत बसणारे लहान साधन वेगळे घ्यावे लागते. नव्या संगणकाच्या बाबतीत एक पेच वारंवार उद्भवतो. ग्राही चालविणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, संगणकात नसतो; तो इंटरनेटवरून घ्यावयाचा, तर इंटरनेटसाठी आधी तोच हवा. विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीत प्रथम मांडणी करतानाच इंटरनेटची जोडणी मागितली जात असल्यामुळे हा पेच अधिक जाणवतो. मोबाइल फोन यूएसबी तारेने संगणकाला जोडून त्याचे इंटरनेट तात्पुरते वापरणे, किंवा दुसऱ्या संगणकावरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणणे, हे त्यावरील नेहमीचे उपाय होत.

ग्राही चालू असल्यास पडद्याच्या कोपऱ्यातील पंख्याच्या आकाराचे चिन्ह दाबून जाळ्यांची यादी उघडावयाची, आपल्या राउटरचे नाव निवडावयाचे आणि परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, द्यावयाचा, एवढीच कृती असते. नवीन राउटरचे नाव व पासवर्ड त्याच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवर छापलेले असतात. पासवर्ड मान्य झाल्यावर राउटर संगणकाला एक अंकी पत्ता देतो (उदा., १९२.१६८.१.५) व बाहेर जाण्याचा मार्ग कळवितो. हा पत्ता घरापुरताच असतो. बाहेरच्या जगाला घरातील सर्व साधने सामान्यतः ग्राहकाच्या नावावरील एकाच पत्त्याने दिसतात, आणि पुढे येणाऱ्या सुरक्षेच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

सुरक्षा : रेडिओ तरंग भिंत ओळखत नाही. ज्या जाळ्याला पासवर्ड नाही त्याचा उपयोग गॅलरीतून जाणारा कोणीही करू शकतो आणि त्याने केलेल्या कृत्याचा माग मात्र जोडणीधारकाच्या दारापर्यंत येतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या साखळी बाँबस्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांकडे आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेतील असुरक्षित वाय-फायवरून पाठविला गेला होता. तेथील परदेशी रहिवाशाची चौकशी झाली, त्याचे संगणक तपासण्यात आले. त्याचा कटाशी संबंध आढळला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीतील स्फोटांच्या दिवशी, चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायचा असाच दुरुपयोग झाला. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली व फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवादात्यांना ग्राहकांची वाय-फाय जाळी सुरक्षित करून घेण्याच्या सूचना दिल्या.

वाय-फायची पहिली सांकेतिक पद्धती (डब्ल्यूईपी) २००१ मध्येच दोषयुक्त असल्याचे सिद्ध झाले. तिच्या जागी २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-२ अद्याप प्रचारात असून २०१८ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती डब्ल्यूपीए-३ जाहीर झाली. नव्या संगणकाला व राउटरला दोहोंना मान्य असेल, तर तिसरीच निवडावी. डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड हवेतून कधीच पाठविला जात नाही. तथापि जोडणी होताना झालेली देवाणघेवाण नोंदवून घेऊन मागाहून निवांतपणे तो ताडून पाहता येतो. याचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. पुष्कळ घरांत स्वतःचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवतात. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो; म्हणजे शक्यता ४०० कोटी. शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाखांहून अधिक पासवर्ड ताडू शकते. त्या गतीने सर्व क्रमांक सुमारे ६७ मिनिटांत संपतात, आणि शेजाऱ्याला तो क्रमांक ठाऊक असेल तर तेवढीही गरज नाही. याउलट ५,००० परिचित मराठी शब्दांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले पाच शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, तर त्याच गतीने सर्व शक्यता तपासण्यास सुमारे एक लाख वर्षे लागतील. असा पासवर्ड पाठ करण्यासही सोपा असतो.

राउटरवरील डब्ल्यूपीएस ही बटण-सोय बंद ठेवणे इष्ट. तिचा आठ अंकी क्रमांक अधिकांत अधिक ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ मध्ये उघडकीस आले. राउटरची मांडणी बदलण्यासाठी कारखान्याने दिलेला पासवर्डही बदलावयास हवा. तो एकाच नमुन्याच्या अनेक राउटरांना समान असू शकतो.

चाळीतील शेजारधर्म आणि हे नियम यांचा मेळ घालणे अवघड जाते. परीक्षेच्या काळात शेजारच्या मुलाला पासवर्ड नाकारणे सहसा कोणाला जमत नाही. अशा वेळी राउटरमधील पाहुण्यांसाठीचे स्वतंत्र जाळे चालू करावे. त्याचे नाव व पासवर्ड वेगळे असतात, त्यावरून घरातील संगणक व मुद्रकयंत्र सामान्यतः दिसत नाहीत आणि ते केव्हाही बंद करता येते. बाहेरचा पत्ता मात्र तोच राहतो, त्यामुळे जोडणीधारकाची जबाबदारी संपत नाही.

दोष व त्यांचा शोध : संगणक ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही’ असे दाखवू लागला, तर वाय-फायचा भाग बहुधा ठीक असून अडचण त्यापलीकडे असते. काचतंतूच्या साधनावरील तांबडा दिवा लागला असल्यास तंतू तुटला किंवा निसटला असण्याचा संभव असतो. इमारतीवरून इमारतीवर नेलेल्या व रस्ता खणताना उघड्या पडणाऱ्या केबलींच्या बाबतीत हे नित्याचे आहे. दिवा हिरवा असून घरातला मोबाइल चालत असेल, तर दोष संगणकात असतो. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे. घड्याळाचा दिनांक चुकीचा असल्यास संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अमान्य होऊन पाने उघडत नाहीत. जोडणी निर्दोष असूनही ती बिघडल्यासारखी भासते.

गिरगावातील अनेक जुन्या चाळींच्या जागी आता सलोह काँक्रीटचे उंच मनोरे उभे राहत आहेत. चाळीच्या खोलीतून अशा सदनिकेत गेलेल्या कुटुंबाला तोच राउटर दुसऱ्या खोलीतही अपुरा पडू लागतो. बांधकाम चालू असतानाच भिंतीतील नळ्यांतून प्रत्येक खोलीपर्यंत ईथरनेट तार नेऊन ठेवल्यास पुढे आवश्यक तेथे दुसरा राउटर जोडता येतो. मागाहून हे काम भिंती फोडल्याशिवाय होत नाही.